तिसऱ्या तोंड का उघडतात?

पातेल्यात वाफ धरली की तिसऱ्या उघडतात; त्यामुळे शिंपला उघडणे हे स्नायूचे काम, असे वाटणे साहजिक आहे. खरे उलट आहे. बिजागरीजवळची लवचिक पट्टी (अस्थिबंध) दोन्ही शिंपा सतत उघडू पाहते. आतले दोन संवरक (मिटवणारे) स्नायू त्यांना ओढून धरतात. बटणाच्या छत्रीत स्प्रिंग उघडते, खटका अडवतो, तसेच. शिजल्यावर स्नायूची पकड सुटते, एवढेच.

स्नायूचा एक भाग झटकन मिटतो. दुसरा फारशी ऊर्जा न खर्चता तासन्‌तास आवळून राहतो. ओहोटीला खडकावर उघड्या पडणाऱ्या कालवाला तोच सुकू देत नाही. कालवात स्नायू एकच; रिकाम्या शिंपेत त्याचा डाग, अनेकदा जांभळट, बोटालाही जाणवतो. स्कॅलप मात्र शिंपांच्या टाळ्या वाजवत पोहतो, म्हणून त्याचा झटक्याचा भाग चांगलाच गलेलठ्ठ.