पत्ता आपला, पेटी भाड्याची: मोठ्या संस्थेचा ईमेल कुठे ठेवायचा?

'पेट'ची तयारी करणाऱ्या एका मुलीने परवा विचारलं, "ताई, मोठ्या संस्थेने ईमेलसाठी कुठली सेवा घ्यावी, हा पीएचडीचा विषय होऊ शकतो का? की ते नुसतं कॉम्प्युटर सेक्शनचं काम?"

होऊ शकतो. पण "गूगल चांगलं की झोहो" असं विचारलंत तर नाही. तो खरेदीचा प्रश्न झाला, त्याचं उत्तर वर्षभरात शिळं होतं. संशोधनाचा प्रश्न त्याच्या एक पायरी खाली असतो: आज घेतलेला निर्णय संस्थेला उद्या बदलता येईल का, आणि बदलताना कुणाचं काय बुडेल?

माझं बुडालं, म्हणून सांगतेय. आधीच्या एका संस्थेत असताना माझा पेपर एका जर्नलकडे गेला होता. दुरुस्तीसाठी ते तीस दिवस देतात. त्याच सुमारास संस्थेने मेलची सेवा बदलली. शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला, आता नवीन लॉगिन वापरा. वापरलं. जुने सगळे मेल नव्या पेटीत दिसत होते, मी निर्धास्त. पाचव्या आठवड्यात मीच संपादकांना विचारलं, तर उत्तर आलं की मुदत संपली, फाइल बंद, नव्याने पाठवा. त्यांचा मेल शनिवारी सकाळी आला होता. जुन्या पेटीत.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण अख्खा विषय इथेच आहे. ईमेल पत्त्यात 'अ‍ॅट'नंतर येतो तो भाग म्हणजे डोमेन. मेल पाठवणारा सर्व्हर डीएनएसला विचारतो, "या डोमेनचं टपाल कुठे टाकू?" त्याचं उत्तर एमएक्स रेकॉर्डमध्ये असतं. दर वेळी विचारायला नको म्हणून हे उत्तर काही काळ जपून ठेवलं जातं. किती काळ, ते टीटीएल हा आकडा सांगतो, सेकंदांत. तो ८६४०० असेल तर एक दिवस. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी रेकॉर्ड बदललं तरी शनिवारी काही सर्व्हर जुन्याच दारात टपाल टाकणार. जुना सर्व्हर बंद असता तर एकवेळ परवडलं असतं. पाठवणारा सर्व्हर लगेच हार मानत नाही. चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं असं ईमेलचं प्रमाणच सांगतं. पण जुना सर्व्हर चालू होता, त्याने मेल घेतला आणि ठेवून दिला. जुन्या मेलची नक्कल शुक्रवारीच करून झालेली. आधी दोन दिवस टीटीएल ३०० वर आणला असता आणि आठवड्याने पुन्हा एकदा नक्कल केली असती, तर काम झालं असतं. यात पैशांचा प्रश्न नव्हता. स्थलांतर म्हणजे काय, हे सेवा निवडतानाच कुणी विचारलं नव्हतं.

आता याच चष्म्यातून मोठं उदाहरण बघा. केंद्र सरकारचा ईमेल राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, चालवत आलं. २०२३ मध्ये कंत्राट झोहोला मिळालं आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आल्या. पत्ते मात्र तेच राहिले, शेवटी 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'. पेटीचा घरमालक बदलला, पत्ता बदलला नाही. त्याच महिन्यात जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सोडून ओपन-एक्स्चेंज या मुक्तस्रोत प्रणालीकडे जाणं पूर्ण केलं. ४० हजारांहून जास्त पेट्या, त्याला सहा महिने लागले. एकाने देशी कंपनी निवडली, दुसऱ्याने मुक्तस्रोत; कारण दोघांनी एकच सांगितलं, आपला डेटा आपल्या ताब्यात हवा. तुलनात्मक अभ्यासाला याहून चांगली जोडी शोधून सापडायची नाही.

"मग स्वतःचाच सर्व्हर ठेवावा ना!" असं वाटेल. रत्नागिरी जिल्ह्यात बसून जरा विचार करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं. तळमजल्यावरच्या खोलीतला सर्व्हर आणि चार तासांचा इन्व्हर्टर यांच्या भरवशावर संस्थेचं टपाल ठेवणार का? बरं, वीज असली तरी माणूस हवा. दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखखुणा लावाव्या लागतात. परीक्षा विभागाने वीस हजार मुलांना एकदम हॉलतिकिटं पाठवली की हा नियम लागलाच. सेटिंग चुकलं तर हॉलतिकीट स्पॅममध्ये, किंवा कुठेच नाही.

आणि फुकटचा क्लाउड? तिथे अटी मालकाच्या. गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालं की यापुढे अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी. साधा हिशोब करा: २५,००० खाती असतील तर डोई चार जीबी, आणि त्यात मेलबरोबर ड्राइव्हवरच्या फाइलीही आल्या. मग जागा कुणाची काढायची? आधी पास होऊन गेलेल्यांची. त्यात पीएचडी झालेले आपणही आलो. पेपरवर छापलेला आपला पत्ता मात्र तसाच राहतो, लोक दहा वर्षांनीही त्यावर मेल टाकतात.

पद्धतीबद्दल थोडं. असे निर्णय अभ्यासायला बरेच जण एएचपी वापरतात, थॉमस साटी यांची. खर्च, सुरक्षा, सोय असे निकष जोडीजोडीने तोलायचे आणि वजनं काढायची. सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या आत आलं की आपण खूश. पण ते गुणोत्तर फक्त उत्तरं आपसांत जुळतात का एवढंच सांगतं. योग्य माणसांना विचारलं का, हे सांगत नाही. फक्त लेखा विभाग आणि कॉम्प्युटर सेक्शनला फॉर्म दिलेत तर 'बाहेर पडण्याचा खर्च' हा निकष यादीत येणारही नाही. आपल्याकडे तर मुख्यालय एका गावात आणि पेट्या वापरणारे दुसऱ्या गावात: मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर रत्नागिरीत, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. उपपरिसरातला क्लार्क, ग्रंथपाल, शेवटच्या वर्षाची पीएचडीची मुलगी, यांना नमुन्यात घ्या. माझं मत विचाराल तर एएचपीच्या आधी दहा मुलाखती घ्या. निकष त्यांच्या तोंडून येऊ देत.

डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाची तारीख कोण बघतं, हेही प्रत्येक मुलाखतीत विचारा. 'एसी डॉट इन' डोमेनची नोंदणी अर्नेट इंडियाकडे होते. ती चुकली तर कितीही महागडी सेवा घ्या, टपाल येणार नाही.

सुरुवात आजच करता येईल. ऑर्किड खातं फक्त संस्थेच्या मेलवर असेल तर त्यात दुसरा, स्वतःचा पत्ता जोडा. मग कॉम्प्युटरवर एनएसलुकअप उघडा, प्रकार एमएक्स ठेवा आणि आपल्या संस्थेचं डोमेन टाका. समोर जे सर्व्हरचं नाव येईल ते वहीत लिहा. कधी कधी तिथे फक्त स्पॅम गाळणाऱ्या सेवेचं नाव दिसतं, खरी पेटी तिच्या मागे असते. तशी शंका आली तर तीही लिहा. शेजारच्या चार महाविद्यालयांचं तसंच बघा. आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख घाला, कारण ती उद्या बदललेली असू शकते.