चारातला एक गप्प

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलची गाडी अडखळायला लागली की माणूस आधी प्लग काढून बघतो, मग प्लगची वायर, मग कॉइल. डिझेलमध्ये बाहेरून पेटवणारं काही नसतंच. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा अठरा-वीस पटींनी दाबली जाते, दाबल्यामुळे ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा फवारा सुटला की तो आपोआप पेट घेतो. म्हणजे लागतात तीनच गोष्टी: पुरेशी दाबलेली हवा, नीट फुटलेला फवारा आणि बरोबर वेळ. एखादा सिलिंडर पेट घेत नसेल तर या तिघांपैकी कुठलं तरी चुकलेलं असतं. कुठलं, ते घराच्या अंगणात शोधता येतं. गाडी जुनी असेल, तिच्यात कॉम्प्युटर नसेल, तर फार पैसेही लागत नाहीत.

तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या घरची पिकअप अशीच जुनी आहे. एमएच-25 पासिंग, महिंद्राचं चार सिलिंडरचं 2523 सीसीचं इंजिन, सगळा कारभार यांत्रिक. हिवाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीत कांदा, एरवी सोयाबीन, कधी शेळ्या, कधी बांधकामाचं सामान. जाताना माल घेऊन ती बालाघाटाचा डोंगर उतरते आणि येताना खतं-सिमेंट घेऊन तुळजापूरचा घाट चढते. त्यामुळे इंजिनाची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. धाकट्या भावानं तक्रार सांगितली तीही तिथलीच. ‘‘आबा, गाडी मिसिंग करायली. घाटात वढतच न्हाई.’’

आबा म्हणजे आमचे चुलते. डिझेल इंजिनाशी त्यांची ओळख रस्त्यावर नाही, विहिरीवर झाली. वीज पोचण्याआधी आणि पोचल्यावरही, आमच्या भागात पाणी उपसलं ते पाच हॉर्सपॉवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनांनी. पुण्यात 1946 साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं नाव तर इंजिन या शब्दाच्या जागीच वापरलं जायचं. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की मिस्त्री येईपर्यंत पीक थांबत नाही, म्हणून शेतकऱ्याला एअर काढणं, फिल्टर धुणं, नोझल बघणं हे स्वतःच शिकावं लागलं. आजही गावात जुन्या गाड्या अंगणात दुरुस्त होतात, त्यामागे हे शिक्षण आहे असं मला वाटतं.

आबांनी पान्याला हात लावला नाही. आधी प्रश्न. मिसिंग थंड इंजिनाला की गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीला की लोडवर? धूर कुठल्या रंगाचा? आवाजात ठोका आहे का? डिझेल शेवटचं कुठं भरलं? भावाची उत्तरं अशी: सकाळी जास्त, तापल्यावर कमी, पण घाटात पुन्हा, धूर पांढरट, डोळ्यांना झोंबणारा, ठोका आहे. या उत्तरांनी निम्मं काम झालं होतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा आणि झोंबणारा म्हणजे डिझेल आत जातंय पण न जळताच बाहेर पडतंय.

मग त्यांनी डिपस्टिक काढली, बोटावर ऑइल घेतलं, चोळलं, वास घेतला. ऑइलची पातळी खुणेच्या वर होती आणि त्याला डिझेलचा वास होता. हे महत्त्वाचं असतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं, ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ करतं. तीन सिलिंडरवर गाडी चालतेय ना, चालू द्या, असं म्हणणाऱ्यांचं बेअरिंग पुढं याच कारणानं जातं. वाढलेली ऑइलची पातळी ही चांगली बातमी कधीच नसते.

यानंतरचा विचार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. येडशीला रस्ते फुटतात: एक बार्शीकडं, एक लातूरकडं, एक धाराशिवकडं. येडशीच्या अलीकडं रस्ता बंद झाला तर पुढच्या सगळ्यांचीच एस.टी. चुकते, पलीकडं एका रस्त्यावर झाड पडलं तर तेवढ्याच गावांची. इंजिनातही असा फाटा आहे. एअर फिल्टर, डिझेलची टाकी, डिझेल फिल्टर हे फाट्याच्या अलीकडचे. ते बिघडले तर त्रास चारही सिलिंडरांना होतो, गाडी सगळीच मरगळते. पंपातून चार स्वतंत्र पाइप निघाले की पुढचं सगळं ज्याचं त्याचं: पाइप, नोझल, वॉल्व्ह, पिस्टन, रिंगा. एकच सिलिंडर गप्प असेल तर दोष फाट्याच्या पलीकडं शोधायचा. गॅरेजमध्ये पहिल्या झटक्यात डिझेल फिल्टर बदलून दिला जातो. तो बदलणं वाईट नाही, पण एका सिलिंडरचं मिसिंग त्यानं जाण्याची शक्यता फार थोडी.

तरी आबांनी अलीकडची बाजू तपासलीच, कारण ती तपासायला पैसे लागत नाहीत. फिल्टरच्या तळाचा नट ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि बाटली स्थिर ठेवली. पाणी असतं तर तळाला वेगळा थर दिसला असता. पावसाळ्यात कॅनमधून डिझेल ओतणाऱ्यांच्या गाडीत तो हमखास दिसतो. मग फिल्टरपासून पंपाकडं जाणाऱ्या रबरी पाइपाच्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा बसवला आणि गाडी चालू केली. नळीत बुडबुडे दिसले तर गाडी एअर घेतेय. टाकीपासूनचं डिझेल ओढून आणलं जातं, ढकलून नाही, त्यामुळे त्या पाइपाला चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली थेंबही पडत नाही आणि माणूस म्हणतो, कुठंच लिकेज नाही. आमच्या नळीत मात्र डिझेल स्वच्छ, एकसंध वाहत होतं.

आता गप्प सिलिंडर कोणता, ते ठरवायचं. इंजिन रात्रभर थंड राहू दिलं. सकाळी सुरू केल्यावर थोड्या वेळानं आबांनी सायलेन्सरकडं जाणाऱ्या मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर बोटांनी पाणी शिंपडलं. तीन ठिकाणी ओल बघता बघता सुकली. पंख्याच्या बाजूनं मोजलं तर तिसऱ्या तोंडावर पाणी तसंच राहिलं. (करोनाच्या काळात घरोघरी आलेला कपाळाचा थर्मामीटर इथं कामाचा नाही, तो माणसाच्या तापाच्या आसपासच मोजतो.)

एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या मार्गानं तेच उत्तर आलं पाहिजे, असं आबांचं म्हणणं. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. बाजूला वाळूची बादली. गळ्यातला गमछा आबांनी काढून ठेवला, कारण पंखा आणि पट्टा कुणाचं लक्ष नसताना कापड ओढतो. भावाच्या डोळ्यांवर वेल्डिंगच्या दुकानातला साधा पांढरा गॉगल. मग सतराचा पाना घेऊन नोझलवरचा पाइपाचा नट अर्धा आटा ढिला. फडकं तिथं धरायचं, पण बोटं फटीसमोर न्यायची नाहीत. दाबाखालचं डिझेल कातडीतून आत शिरू शकतं आणि ती जखम दिसते लहान पण फार वाईट असते.

नट ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल बाहेरच सांडतं, म्हणजे तो सिलिंडर आपण मुद्दाम बंद करतो. आता फक्त ऐकायचं. रिकाम्या चालीवर इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांत एकदा या हिशेबानं प्रत्येक सिलिंडर मिनिटाला चारशे वेळा पेटतो. चालता सिलिंडर बंद केला तर सेकंदाला सहा-सात ठोके एकदम गळतात, इंजिन खाली बसतं, बॉनेट हलायला लागतं. पहिल्या नटाला तसंच झालं. घट्ट केला, दुसरा ढिला केला, पुन्हा तसंच. तिसरा ढिला केला आणि आवाजात ढिम्म फरक नाही. उलट मघापासूनचा ठोका थांबला. चौथ्याला इंजिन जवळजवळ बंदच पडलं. जे बंद केल्यावर फरक पडत नाही तेच आधीपासून बंद होतं. भाऊ तिसऱ्या नटाकडं बघून म्हणाला, ‘‘ह्योच.’’

इथं थांबणारे खूप असतात. तिसरा सिलिंडर सापडला, म्हणून लगेच नवं नोझल आणायला दुकानात. पण आतापर्यंत सापडला तो फक्त पत्ता. त्या पत्त्यावर नोझल बिघडलंय, वॉल्व्ह बसत नाही की रिंगा गेल्यात, हे कुणी सांगितलेलं नाही. आबांनी तिसऱ्याचं नोझल काढून दुसऱ्यात घातलं आणि दुसऱ्याचं तिसऱ्यात. बाकी कशालाही हात नाही. एका वेळी एकच बदल, नाहीतर उत्तर कशामुळं आलं ते कळत नाही. तांब्याचे वायसर नवे, भोकातला कार्बन खरवडून साफ; जुना वायसर तिथंच चिकटून राहिला आणि वर नवा बसला तर नोझल वर राहतं आणि नवाच बिघाड तयार होतो. पाइपांतली एअर काढली, गाडी सुरू केली, पुन्हा एकेक नट ढिला. आता तिसऱ्याला इंजिन खाली बसलं आणि दुसऱ्याला ढिम्म. मिसिंग नोझलबरोबर चालत गेलं होतं. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचे वॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन ठीक, नोझल खराब. प्रयोगशाळेतही याहून स्वच्छ पुरावा मिळेल असं मला वाटत नाही.

मिसिंग तिसऱ्यातच राहिलं असतं तर वाट लांबली असती. मग टॅपेट कव्हर उघडून फिलर गेजनं गॅप मोजायची, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाशी ताडून. टॅपेट वाजतात म्हणून लोक वैतागतात, पण वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प झालेला टॅपेट जास्त धोक्याचा. गॅप संपली की वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, हवा निसटते आणि पुढं वॉल्व्ह जळतो. त्यानंतर ऑइल भरायचं झाकण काढून धुराचे भपके येतात का बघायचं. आले तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांचा प्रश्न. शेजारचे दोन सिलिंडर एकदम गप्प असतील आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर संशय हेड गॅस्केटवर. आमच्यावर ती वेळ आली नाही.

नोझलचं निदान घरी होतं, दुरुस्ती होत नाही. त्यासाठी पंपाच्या दुकानात जावं लागतं, आणि तिथलं टेस्टर हे यंत्र मी कितीही वेळ बघू शकतो. हातानं दाबायचा दांडा, वर दाबाचा काटा, पुढं नोझल. दांडा दाबला की काटा चढतो आणि ठरलेल्या दाबाला, अशा इंजिनात दोनशे बारच्या आसपास, नोझल कर्र करून उघडतं. चांगल्या नोझलच्या भोकांतून धुक्यासारखा सारखा फवारा सुटतो आणि लगेच तुटतो. टोक कोरडं राहतं. आमच्या नोझलचा काटा अर्ध्यावर असतानाच टोकाला थेंब जमला, कर्र आवाज नाही, एका बाजूनं सरळ धार. धार पेटत नाही, धुकं पेटतं. सकाळचा पांढरा धूर, ठोका, ऑइलमधलं डिझेल, सगळ्याचा उगम त्या थेंबात होता.

आत एक सुई असते. सुई आणि तिच्या घरातली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणून सुई आणि बॉडी जोडीनंच घासून तयार होतात आणि एकाची सुई दुसऱ्याला चालत नाही. रुडॉल्फ डिझेलच्या 1897 च्या इंजिनात हे नव्हतंच. तिथं इंधन दाबाच्या हवेनं आत फुंकलं जायचं आणि त्यासाठी जड कॉम्प्रेसर लागायचा. 1927 मध्ये बॉशनं डिझेलच्या पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं तेव्हा कुठं हे इंजिन ट्रकमध्ये सर्रास बसू लागलं. भारतात ते तंत्र 1951 साली बंगळुरूत सुरू झालेल्या मायकोनं आणलं, पुढं नाशिकच्या कारखान्यात नोझल बनू लागली. कंपनीचं नाव बदलून वर्षं झाली, पण पंपवाले अजून ‘मायकोचंच घाला’ म्हणतात.

एक इशारा स्पष्ट द्यायला हवा. हे सगळं यांत्रिक पंपाच्या गाडीपुरतं. देशभर 2017 च्या एप्रिलपासून बीएस-4 आणि 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 लागू झालं आणि पिकअपमध्ये कॉमन रेल आली. तिथल्या पाइपांत हजार बारच्याही पुढचा दाब असतो. चालू इंजिनावर तो नट ढिला करणं म्हणजे हात गमावण्याची तयारी. त्या गाडीला स्कॅनर लावायचा आणि कोणत्या सिलिंडरला किती डिझेल वाढवून द्यावं लागतंय ते आकडे वाचायचे. फाट्याचा विचार तिथंही तसाच लागू पडतो, फक्त कानाऐवजी पडद्यावर.

एकच नोझल बदलायचं की चारही, यावर भाऊ आणि आबा दुकानातच वाद घालत राहिले. शेवटी नवं एकच घेतलं, पण उरलेली तीन टेस्टरवर लावून चौघांचा दाब सारखा करून घेतला. त्यांतल्या एकाचा दाब उतरलेला निघाला तो शिमानं वाढवला. घरी येऊन डिझेल मिसळलेलं ऑइल आधी काढलं, नवं भरलं, मग नोझल बसवली. इंजिन तापल्यावर नट पुन्हा एकदा तपासले. रिटर्न पाइपाचा एक सांधा ओलसर दिसला, तेवढा तुकडा बदलला, आणि दुपारी भावानं गाडी सोयाबीन भरायला नेली.