राळेगांवची काळी आणि समुद्रांतील अग्निशिखर

राळेगांवच्या शिवारांतील काळी माती पावसाळ्यांत पायांस अशी चिकटते कीं, जोडा हातीं घेऊनच चालावें लागतें. आणि वैशाखांत तीच इतकी भेगाळते कीं, हातांतील काठी भेगेंत सहज उतरावी. ही माती काळ्या दगडापासून झाली हें शाळकरी मुलेंही सांगतात. परंतु ज्या अग्नीनें तो दगड ओतला तो अद्याप विझलेला नाहीं, येथून पांच हजार किलोमीटरांहून अधिक दूर एका बेटावर धगधगत आहे, हें ऐकून घरांतील वडीलधाऱ्यांनाही नवल वाटेल.

तें बेट म्हणजे हिंदी महासागरांतील फ्रेंच अंमलाखालील रियुनियन. तेथील जागृत ज्वालामुखीचें नांव पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचें शिखर. उंची २,६३२ मीटर. आपलें कळसूबाई १,६४६ मीटरच आहे. १९७७ च्या एप्रिलांत त्याचा तप्त रस पितों सेंत-रोझ या गांवांत शिरला. लोकांना आधींच हलविलें होतें. घरें मात्र गेलीं. रस चर्चच्या दारापर्यंत आला, किंचित् आंत शिरला आणि इमारतीस वेढा घालून तेथेंच थिजला. भाविकांनीं यास चमत्कार मानलें यांत आश्चर्य नाहीं. आपल्याकडेही तेंच झालें असतें. पुढें २००७ मध्यें मुख्य विवराचा तळच सुमारें ३०० मीटर खचला.

आतां या भट्टीचा आपल्या काळीशीं संबंध कसा? दिव्याच्या ज्योतीवरून पत्रा हळूहळू ओढला असतां काजळीची रेघ उमटते. ज्योत जागींच असते, पत्रा सरकतो. भूगर्भांतील अतिउष्ण स्रोत ही ज्योत आणि भूकवच हा पत्रा, असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं आपली भूमि त्या स्रोतावर होती. तेव्हां रसाचे थरावर थर पसरले, आणि सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंतचा काळा पाषाण निर्माण झाला. मग भूमि उत्तरेकडे सरकली. मागें लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी रेघ राहिली. रियुनियन हें तिचें आजचें टोंक. समुद्रांतील अग्नीस आपण वडवानल म्हणतों. पुराणकारांस हें शास्त्र अवगत होतें असा दावा आम्ही करीत नाहीं (तसे दावे करणारे पुष्कळ आहेत!), पण शब्द चपखल आहे खरा.

या रेघेवर आपलीं माणसेंही जाऊन राहिलीं आहेत. मॉरिशसचा सर्वांत जुना खडक ८०–९० लक्ष वर्षांचा. तेथें १८३४ पासून करारबद्ध हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर जाऊं लागले, आणि त्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबें होतीं. त्यांच्या वंशजांनीं गणेशचतुर्थी टिकविली, आज तेथें त्या दिवशीं सरकारी सुटी असते. कोंकणांतील जाखडी नाचही त्यांनीं जपला. परंतु या मजुरांच्या वांट्यास प्रथम आला तो दगडच. नांगर चालावा म्हणून काळे धोंडे वेंचून बाहेर काढावे लागत. त्यांच्या आधीं तेंच काम गुलामांनीं केलें होतें. कोंकणांत ज्या जातीचा पाषाण पायांखालीं होता, त्याच जातीचा त्यांनीं परमुलखांत डोक्यावर वाहिला. शेतांच्या मधोमध रचलेल्या त्या धोंड्यांच्या राशी अजून मॉरिशसच्या उसांत उभ्या दिसतात.