अंगठ्याची सही

'अंगठाछाप' हा शब्द मराठीत कुणाच्या कौतुकासाठी वापरीत नाहीत. सही येत नाही म्हणून जो शाईत अंगठा बुडवतो तो अंगठाछाप. त्याच माणसाला आणखी एक टोला हाणायचा असला की त्याला 'अंगठाबहाद्दर' म्हणतात. वर्गात मी गेली वीस वर्षे हे अर्थ सांगत आले आहे. पण पॅरिससारख्या नखरेल शहरात, जिथे गळ्याच्या आत टाचलेल्या बोटभर पट्टीवरून कपड्याचा मान ठरतो, तिथे एका बाईने त्या पट्टीवर आपल्या सहीशेजारी चक्क अंगठ्याचा ठसा उमटवला होता. आणि तिला लिहिता-वाचता उत्तम येत होते, बरे का!

मादलेन व्हियोने हे तिचे नाव. जन्म १८७६ चा, फ्रान्समधल्या एका लहानशा गावातला. घरची गरिबी, त्यामुळे वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि हातात सुई आली. अठराव्या वर्षी लग्न झाले, एक मुलगी झाली, ती तान्हेपणीच गेली. संसार मोडला. ही पोरसवदा बाई एकटीच लंडनला गेली आणि तिथल्या एका इस्पितळात शिवणाचे काम करू लागली. पुढे पॅरिसला परतून तिने कालो भगिनींच्या नामांकित शिवणगृहात धडे घेतले. १९०७ मध्ये दूसे यांच्या पेढीत तिला पोशाख रचायची संधी मिळाली.

त्या काळची युरोपातली सभ्य स्त्री म्हणजे कंबर आवळून बांधलेले गाठोडे. पोलादी नाहीतर हाडांच्या काड्या घातलेला कॉर्सेट चढवल्याखेरीज तिने बाहेर पडायचे नाही. व्हियोनेबाईंनी तो काढून टाकला आणि पोशाख दाखवणाऱ्या मुलींना अनवाणी उभे केले. दूसे यांच्याकडच्या विक्रेत्या बायकांनी नाके मुरडली. सुधारणा कुठलीही असो, पहिला विरोध बहुधा घरातूनच होतो! शेवटी १९१२ मध्ये बाईंनी स्वतःची पेढी थाटली. महायुद्धामुळे ती १९१४ मध्ये बंद पडली, युद्धानंतर पुन्हा उघडली आणि १९२३ मध्ये माँतेन मार्गावरच्या प्रशस्त वास्तूत गेली.

बाईंचे वैशिष्ट्य कशात होते? घरातला एखादा हातरुमाल घ्या. समोरासमोरच्या कडा धरून ओढा. तो फारसा ताणला जाणार नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. लगेच लांबेल आणि सोडताच आखडेल. उभ्या धाग्याच्या दिशेने कापड ताठ असते, आडव्या धाग्याच्या दिशेनेही ताठ असते, पण तिरक्या दिशेने ते लवते. यालाच आपल्या शिवणकाम करणाऱ्या बायका उरेब म्हणतात. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी, म्हणजे गोलाईवर चुणी पडत नाही. जी युक्ती सगळे पट्टीपुरती वापरीत, तिच्यावर व्हियोनेबाईंनी अख्खा पोशाख उभा केला. त्यासाठी त्या जादा पन्ह्याचे क्रेप खास विणवून घेत. ते कापड अंगावर आवळायचे नाही, सैल लोंबायचेही नाही. बाई चालली की तेही तिच्याबरोबर चाले.

ही कल्पना त्यांना सुचली कुठून? प्राचीन ग्रीक रांजणांवरच्या चित्रांतून आणि जपानी किमोनोतून. ग्रीक स्त्रिया कापड फारसे न कापता अंगाभोवती घेऊन खांद्यावर टाचीत. नऊवारीत वाढलेल्या आपल्या आज्यांना यात काही नवल वाटले नसते! पण खरा स्फूर्तिदाता होता तो प्रत्यक्ष कापड. बाई कागदावर चित्रे काढीत बसत नसत. माणसाच्या निम्म्या मापाची एक लाकडी बाहुली त्यांनी जवळ ठेवली होती. तिच्या अंगावर कापड टाकायचे, टाचण्या लावायच्या, ते कसे पडते ते पाहायचे. कापडाला काय हवे आहे, हे त्या बोटांनी विचारीत.

आणि म्हणूनच तो अंगठा! त्यांचे पोशाख हुबेहूब उतरवून विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. बाईंनी उपाय योजला. प्रत्येक पोशाखाचे पुढून, बाजूने आणि मागून छायाचित्र घ्यायचे, त्याला क्रमांक द्यायचा आणि ते संग्रहात चिकटवून ठेवायचे. शिवाय प्रत्येक अस्सल पोशाखाच्या पट्टीवर सही आणि अंगठ्याचा ठसा. सहीची नक्कल करणारे मिळतील, अंगठ्याची कशी करणार?

पण हक्क सांगणारी ही बाई जबाबदारीही ओळखत होती. पुढे तिच्या पेढीत हजाराहून अधिक माणसे काम करू लागली. त्यांच्यासाठी भोजनगृह होते, दवाखाना होता, दातांचा डॉक्टरही होता. फ्रान्समध्ये पगारी रजेचा कायदा झाला १९३६ मध्ये. या बाईंनी ती आधीच देऊ केली होती, बाळंतिणीच्या रजेसह. वयाच्या बाराव्या वर्षी जिने दुसऱ्याच्या दारी सुई धरली, तिला हे कायद्याने शिकवावे लागले नाही.

१९३९ मध्ये पेढी बंद झाली. १९५२ मध्ये बाईंनी आपले पोशाख आणि छायाचित्रसंग्रह देणगी म्हणून देऊन टाकले. ते पॅरिसच्या संग्रहालयात जपलेले आहेत. १९७५ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांचे ऋण पुढच्यांनी मानले. १९३८ मध्ये हिरोशिमात जन्मलेले आणि लहानपणी अणुबाँबच्या संहारातून वाचलेले इस्सेई मियाके यांनी १९७० मध्ये तोक्योत स्वतःची पेढी काढली. 'एक अखंड कापड आणि माणसाचे अंग' एवढ्या एकाच विचारावर त्यांनी २०२२ मध्ये निधन होईपर्यंत आपले नाव उभे केले. व्हियोनेबाईंवरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती याच मियाकेंनी.

आता वळू या आपल्या घराकडे. दिवाळीला पैठणी घ्यायची ठरली की आपण काय काय पाहतो? रेशीम अस्सल असल्याची खूण पाहतो. २००६ पासून हातमागाच्या कापडाला हातमागाची खूण मिळू लागली, ती पाहतो. पैठणीच्या नावाला भौगोलिक निर्देशांकनाचे संरक्षण आहे, त्याचीही चौकशी करतो. दुकानाचे नाव तर पिशवीवर ठळक असतेच. पण येवल्याच्या किंवा पैठणच्या ज्या विणकराने मागावर बसून पदरातला मोर एकेका धाग्याने गुंफला, त्याचे नाव बहुधा कुठेच नसते. धाग्यावर फिरून फिरून झिजलेला अंगठा त्याचा, आणि ठसा मात्र दुसऱ्याचा!

कुणी म्हणेल, नाव लिहून त्या बिचाऱ्याचे पोट भरणार आहे का? नुसत्या नावाने नाहीच भरणार. व्हियोनेबाईंनी पट्टीवर ठसा उमटवला तसा कामगारांसाठी दवाखानाही काढला. पण ज्याला नाव आहे त्याला भाव मागता येतो. बिननावाच्या माणसाला मिळेल ती मजुरी घ्यावी लागते. तेव्हा वाचकहो, यंदा दुकानात पैठणी उलगडली की पदर पाहून झाल्यावर एवढेच विचारा, 'ही विणली कोणी?' पहिल्या दुकानदाराला उत्तर येणार नाही, दुसऱ्यालाही कदाचित येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी दहा वेळा विचारले, तर अकराव्या वेळी तो विणकराचे नाव लिहून ठेवील.