वीज किती जाळली, आणि कधी?

मैत्रिणींनो, विजेचं बिल हातात पडलं की आपण आधी आकडा पाहतो आणि मग घरातल्यांवर चिडतो. कुणी पंखा बंद केला नाही, कुणी गिझर चालूच ठेवला! पण वीज किती जाळली याबरोबरच ती ‘कधी’ जाळली, हेही आता पाहायला हवं.

वीज म्हणजे काही डब्यात भरून ठेवायची डाळ नव्हे. ज्या क्षणी लागते, त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. हा मेळ बिघडला की काय होतं, ते ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारताने अनुभवलं. सुमारे साठ कोटी लोकांच्या मुलखात अंधार झाला होता.

आमच्या वऱ्हाडातल्या धारणीचंच पाहा. सेमाडोह, हरिसाल मागे टाकत जंगलातून तिथे पोचायचं म्हणजे अंग आंबून जातं. विजेलाही सातपुड्यातून असाच लांबचा पल्ला गाठावा लागतो. तार जितकी लांब, तितका वाटेत दाब कमी होतो. त्यात संध्याकाळी सगळ्याच घरांतली बटणं एकदम दाबली गेली, की बल्ब मिणमिणतो. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली, की झालं, ‘लाइन गेली!’

उलट दुपारी सूर्याची वीज भरपूर असते. म्हणूनच दिवसाची वीज स्वस्त ठेवण्याचा नियम केंद्र सरकारने २०२३ मध्ये केला. महावितरणनेही नव्या टीओडी मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेसाठी जुलै २०२५ पासून सवलत जाहीर केली. तुमच्या बिलावर ती दिसते का, ते जरूर पाहा. मग घरघंटी, इस्त्री, पाण्याची मोटार, कपडे धुण्याचं यंत्र ही कामं दुपारी उरकायला काय हरकत आहे?

आता पंख्याकडे वळू. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉट. त्याच्या पोटातली इलेक्ट्रॉनिक चकती मोटारीला हवी तेवढीच वीज देते. रोज बारा तास चालवला, तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिटं वाचतात. शिवाय घरात इन्व्हर्टर असेल, तर दोन असे पंखे आणि तीन एलईडी दिवे त्याच बॅटरीवर जवळजवळ दुप्पट वेळ चालतील. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर असेल, तर याचं मोल मी सांगायला नको! इस्त्री, मिक्सर मात्र इन्व्हर्टरला जोडू नका.

छपरावर सौर पॅनेल बसवायचा विचार असेल, तर २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं आहे. पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा बरं का! बॅटरी नसलेली नेहमीची यंत्रणा लाइन गेली की आपोआप बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो. हा दोष नव्हे. तुमची वीज उलटी तारेत शिरली, तर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. तोही कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा असतो ना? म्हणून जनरेटरची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खोचून घर उजळवायचा उद्योग कधीही करू नका. लाइन वारंवार जात असेल, तर बॅटरीची सोय असलेला हायब्रिड इन्व्हर्टर मागा आणि पैसे देण्यापूर्वी विचारा, “लाइन गेल्यावर यावर काय काय चालेल?”

सुरुवात मात्र बिनखर्चाची आहे. स्वयंपाकघरातल्या वहीत आठवडाभर लिहून ठेवा: कोणतं यंत्र, किती वाजता, किती वेळ. त्यातली कोणती कामं दुपारी नेता येतील, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.