टर्बोनंतरच्या व्हॅक्यूम नळ्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेट्रोल गाडीला नंतर टर्बो बसवला की इंजिनावरच्या बारीक नळ्यांचा सगळा हिशेब बदलतो. मोकळे निपल दिसेल तिथे व्हॅक्यूमची नळी जोडावी, सगळीकडे सारखेच, हा यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. टर्बो नसलेल्या इंजिनात तो बराचसा खपून जातो, कारण तिथे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या वर जात नाही. टर्बोनंतर हवेच्या वाटेचे तीन भाग पडतात. एअर फिल्टर ते टर्बो या भागात दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. टर्बो ते थ्रॉटल या भागात तो बाहेरच्याइतका किंवा त्याहून जास्त असतो. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये, दोन्ही अवस्था येतात: आयडलिंगला जोरदार व्हॅक्यूम, ॲक्सिलरेटर दाबल्यावर बूस्ट. कोणत्या उपकरणाला यांतला कोणता दाब लागतो, यावर त्याच्या नळीची जागा ठरते.

वेस्टगेटची नळी निघाली तर फार तर गाडीची ओढ कमी होईल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. वेस्टगेट हे एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून सोडणारे दार आहे आणि नेहमीच्या रचनेत ते बूस्टच्याच दाबाने उघडते. नळी निघाली, चिरली किंवा वितळली की दाराला दाब पोचत नाही. ते मिटलेलेच राहते आणि बूस्ट चढत जातो. मग नॉकिंग सुरू होते, हेड गॅस्केट जाते, पिस्टन फुटतो. म्हणून ही नळी कॉम्प्रेसरच्या हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाजवळच्या निपलवरून, आखूड आणि तापलेल्या एक्झॉस्टपासून दूर न्यावी. तिला ‘टी’ जोडून गेज चालवणे हा निव्वळ आळस आहे.

ब्रेक बूस्टरला उलट मॅनिफोल्डचा व्हॅक्यूमच लागतो. त्याच्या नळीतला चेक व्हॉल्व्ह आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा ठरतो, कारण तो उलटा बसला किंवा गळका असला तर बूस्टची हवा बूस्टरमध्ये शिरते आणि ब्रेक पेडल दगडासारखे कडक लागते. जुना व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहावा: हवा बूस्टरकडून मॅनिफोल्डकडे गेली पाहिजे, परत येता कामा नये.

टर्बो बसल्यावर ऑइल गळू लागले की दोष टर्बोच्या सीलला दिला जातो. अनेकदा दोष पीसीव्हीच्या, म्हणजे क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे ओढून नेणाऱ्या व्हॉल्व्हच्या, नळीचा असतो. ती मॅनिफोल्डला तशीच राहिली आणि व्हॉल्व्ह बूस्टपुढे टिकला नाही, तर दाब क्रँककेसमध्ये भरतो, डिपस्टिक वर उचलली जाते आणि ऑइल सील गळू लागतात. मॅनिफोल्डच्या बाजूला बूस्ट सोसणारा चेक व्हॉल्व्ह आणि ब्रीदरची दुसरी नळी फिल्टर व टर्बोच्या मधे, ही योग्य मांडणी.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, मॅप सेन्सर आणि रेलवरचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर या तिघांचा संदर्भ मॅनिफोल्डच. बेस प्रेशर ३ बार असेल तर ०.७ बार बूस्टला रेलमध्ये ३.७ बार हवेत.

तंजावर जिल्ह्यातले कुंभकोणम हे तमिळनाडूच्या सरकारी बससेवेच्या एका महामंडळाचे मुख्यालय. टर्बो डिझेल बस तिथे रोज डोळ्यांसमोर असते. त्यावरून पेट्रोल गाडीचा अंदाज बांधणे मात्र चूक आहे. डिझेलमध्ये हवा थ्रॉटलने कोंडून इंजिन चालवले जात नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये उपयोगी पडेल असा व्हॅक्यूम नसतो. बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि डिझेल मोटारीला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो.

व्हॅक्यूम गेजबद्दलही घोटाळा होतो. कुंभकोणम समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटरवर आहे. तिथे आयडलिंगला पाऱ्याचे २० इंच व्हॅक्यूम दाखवणारी गाडी कोडाईकनालला, सुमारे २,१०० मीटरवर, १३-१४ इंच दाखवेल. ही गळती नव्हे. वर हवेचाच दाब कमी.

नळी घट्ट बसली म्हणजे क्लिप नको, हा समज टर्बो नसलेल्या इंजिनापुरता ठीक होता. व्हॅक्यूम नळीला निपलवर ओढून धरतो, बूस्ट तिला उडवून लावतो. सिलिकॉनची नळी उष्णता सोसते, पण साधे सिलिकॉन पेट्रोल आणि ऑइलने फुगते. ब्रीदरला ऑइल सोसणारी रबरी नळी बरी.

कागदांचा प्रश्नही आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही.

जोडणी झाल्यावर गाडी पळवून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. इंजिन बंद ठेवून ब्रीदरची तोंडे मिटवावीत, टर्बोच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाला बूच लावून रेग्युलेटरमधून अर्धा बार हवा सोडावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारावे. बुडबुडे आले की तो जोड गळतो. एक्झॉस्टमधून थोडी हवा आली तर ती उघड्या व्हॉल्व्हमधून आलेली असते.