पटावरची मुले आणि वर्गातली मुले

३ ऑक्टोबर २०११ रोजी महाराष्ट्रातील शाळांमधून एक चमत्कारिक दृश्य दिसले. मतदाराच्या बोटाला लावतात तसली न पुसली जाणारी शाई शाळकरी मुलांच्या बोटांना लावली जात होती. महसूल व अन्य खात्यांची पथके वर्गावर्गांतून फिरत होती, आणि एकच मूल सकाळी एका शाळेत व दुपारी दुसऱ्या शाळेत मोजले जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त होता. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शाळाही या तीन दिवसांच्या पटपडताळणीतून सुटल्या नाहीत. आधी नांदेड जिल्ह्यात अशी पडताळणी झाली होती. तेथे जे आढळले त्यावरून शासनाने सबंध राज्याचाच पट मोजावयाचे ठरविले. पटावर नावे असलेल्या सुमारे दोन कोटी मुलांपैकी जवळपास वीस लाख मुले त्या तीन दिवसांत शाळेत नव्हती.

यातील प्रत्येक नाव खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही मुले आजारी असणार, काही घरच्या कामाला जुंपलेली असणार. तथापि दर दहा मुलांमागे एक मूल कागदावरच उरते, ही गोष्ट आजारपणाने उलगडत नाही. ती उलगडावयाची तर शाळेचा पट म्हणजे अर्थशास्त्राच्या दृष्टीने काय, हे पाहावे लागते. पट म्हणजे एका परीने शाळेची हुंडीच. पटावर शिक्षकांची पदे ठरतात, वेतनेतर अनुदान ठरते, दुपारच्या जेवणाचा तांदूळ ठरतो. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि एकसष्टावे मूल आले की तिसरा. म्हणजे त्या एकसष्टाव्या नावाची किंमत एका शिक्षकाच्या सबंध वेतनाइतकी होते. जेथे एका ओळीला एवढे मोल येते, तेथे ती ओळ लिहिणारे हात निर्माण होतातच.

कागद आणि वाचता न येणारा माणूस यांची गाठ या भागाला नवी नाही. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी शेतकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार घातला. पुढील वर्षी १२ मे रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात दंगा झाला, आणि पाहता पाहता भीमथडी व शिरूर हे दोन तालुके दख्खनच्या दंग्यांचे केंद्र बनले. आजचा दौंड परिसर त्या वेळी भीमथडीतच मोडत असे. या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की ते जाळले जात. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे त्या कुणब्याला ठाऊक नव्हते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने यावर तोड काढली, ती अशी की शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमक्ष, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा. कुणब्याला वाचावयास शिकविण्याऐवजी त्याच्या व सावकाराच्या मध्ये सरकारने आणखी एक लिहिणारा बसविला. दुसरा मार्ग लांबचा व खर्चाचा होता हे खरे. परंतु त्यानंतर तीनच वर्षांनी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यातील तक्रार हीच होती की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो.

पैसा निघतो एका ठिकाणाहून आणि पोहोचतो भलत्याच ठिकाणी, हा प्रश्न जगातील अनेक देशांत पुढे अभ्यासिला गेला. त्यांतील युगांडाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९१ ते १९९५ या काळात त्या देशातील प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे मंजूर झालेल्या वेतनेतर अनुदानापैकी सरासरीने अवघे तेरा टक्के शाळांपर्यंत पोहोचत होते. उरलेले मधल्या कचेऱ्यांत मुरत होते. रैनिका आणि स्वेन्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी हा हिशेब मांडल्यावर तेथील सरकारने जिल्ह्याजिल्ह्याला पाठविलेल्या रकमा वृत्तपत्रांतून छापावयास व शाळांच्या भिंतींवर लावावयास सुरुवात केली, आणि २००१ पर्यंत बहुतांश अनुदान शाळेपर्यंत पोहोचू लागले. वृत्तपत्रवाल्यांना ही कथा साहजिकच आवडते. पुढे काही अभ्यासकांनी असे दाखवून दिले की त्याच वर्षांत युगांडात प्राथमिक शिक्षण मोफत झाले होते, अनुदानाची एकूण पद्धतही बदलली होती, आणि सगळे श्रेय छापील तक्त्याला देता येणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. तरीही मुद्दा एवढा उरतोच की किती पैसा निघाला हे ठाऊक नसलेल्या पालकाला किती आला हे विचारताच येत नाही.

परंतु युगांडाचे औषध घेऊन ते भीमेच्या खोऱ्यात जसेच्या तसे वाटणे शहाणपणाचे ठरणार नाही. याचे कारण येथील रोग निराळा आहे. सन २००३ च्या सुमारास भारतातील वीस राज्यांत अचानक भेटी देऊन शिक्षकांची हजेरी तपासण्यात आली होती. देशभरात सरासरी पंचवीस टक्के शिक्षक शाळेत आढळले नाहीत. झारखंडात हे प्रमाण बेचाळीसच्या घरात होते, आणि महाराष्ट्रात ते सर्वांत कमी, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आत होते. राजस्थानात उदयपूरजवळच्या एकशिक्षकी केंद्रांत रोज दोनदा तारीखवार छायाचित्र घेऊन, त्या हजेरीवर वेतन बांधल्यावर गैरहजेरी बेचाळीस टक्क्यांवरून एकवीसवर आली. तो प्रयोग तेथे योग्यच होता. येथला मास्तर मात्र बहुधा शाळेत असतो. तो शाळेत कसा आला, त्यासाठी त्याला काय मोजावे लागले, हा येथला प्रश्न आहे.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा. त्याने शिक्षकाला संस्थाचालकाच्या लहरीपासून पुष्कळ संरक्षण दिले, हे त्याचे मोठेच श्रेय होय. पण नेमणूक संस्थेने करावयाची, वेतन शासनाने द्यावयाचे, आणि या दोहोंच्या मध्ये शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता, अशी जी व्यवस्था रूढ झाली तिच्यात खर्च करणारा एक आणि निवड करणारा दुसरा. निवडणाऱ्याच्या खिशाला चुकीच्या निवडीची झळ लागत नाही. आयुष्यभराच्या सरकारी वेतनाची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याने ती फुकट द्यावी असे बाजाराला वाटत नाही. जमीन विकून अगर सोसायटीचे कर्ज काढून ‘भरलेल्या’ रकमांच्या कथा घरोघरच्या आहेत. त्या सांगणारे बहुधा आवाज खाली आणून सांगतात.

पटपडताळणीनंतर २ मे २०१२ रोजी शासनाने शिक्षकभरतीवर बंदी घातली. दाराला कुलूप लागले की खिडकीचा भाव वाढतो. बंदीपूर्वीच्या तारखा घातलेल्या नेमणुका, अपवाद म्हणून मिळविलेल्या मान्यता, यांचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालले. २०१७ मध्ये ‘पवित्र’ ही संगणकीय भरतीपद्धती आली आणि निवडीचा पाया म्हणून अभियोग्यता चाचणीचे गुण धरले गेले. सुधारणा चांगली होती. पण भ्रष्टाचार पाण्यासारखा असतो, एक वाट बुजविली की तो खालची शोधतो. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेत गुण वाढवून दिल्याचे उघडकीस आले. डिसेंबर २०२१ मध्ये खुद्द परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना पुणे पोलिसांनी अटक केली, आणि २०२२ मध्ये सुमारे सात हजार आठशे उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. २०२५ मध्ये नागपूर विभागात वेतनप्रणालीतील बनावट ओळखक्रमांकांवर पगार काढले गेल्याचे प्रकरण बाहेर आले. लाच पूर्वी संस्थेच्या कचेरीत दिली जाई. आता ती गुणपत्रिकेच्या आणि संगणकाच्या मागे जाऊन बसली आहे असे दिसते. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक केले. हेतू स्तुत्यच आहे. मात्र ज्या प्रमाणपत्राची गरज लक्षावधी माणसांना एकाच मुदतीत पडते, त्याच्या काळ्या बाजाराची काळजी आधी घेतलेली बरी.

बदल्यांच्या बाबतीत मात्र अनुभव अधिक आशादायक आहे. कर्नाटकाने २००७ मध्ये शिक्षकांच्या बदल्यांचा कायदाच केला आणि ज्येष्ठतेनुसार, सर्वांदेखत जागा निवडण्याची पद्धत घातली. महाराष्ट्रानेही २०१७ च्या निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर नेल्या. शिरूर पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर आणि दौंड सोलापूरच्या लोहमार्गावर. दोन्ही ठिकाणी पुण्यात बिऱ्हाड ठेवून नोकरी करता येते. वेल्ह्याच्या डोंगरात ते शक्य नाही. सोयीच्या शाळेला जे मोल येते ते पूर्वी कुणाच्या तरी शिफारशीच्या चिठ्ठीत वसूल होत असे. गुणानुक्रम व सेवेची वर्षे यांनी ठरलेल्या यादीत चिठ्ठीला जागा उरत नाही. अर्थात संगणकी बदल्यांनीही रडकथा निर्माण केल्या, पण त्या नियमाच्या आहेत. नियमाविरुद्ध निदान तक्रार करता येते.

या सगळ्या चर्चेत सर्वांत अवघड जागा आहे ती शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी. शिक्रापूरनजीकच्या या वाडीतील जिल्हा परिषदेची शाळा एके काळी अगदी साधी, थोड्या मुलांची होती. २०१२ पासून मुख्याध्यापक दत्तात्रय वारे आणि ग्रामस्थ यांनी मिळून तिचे रूप पालटले. गावकऱ्यांनी जमीन दिली, काचेच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या, वीज सूर्याकडून घेतली गेली, आणि खाजगी इंग्रजी शाळांतून मुले काढून या सरकारी मराठी शाळेच्या प्रतीक्षायादीत नावे घालण्याची उलटी गंगा सुरू झाली. राज्यभरातून शिक्षक ती शाळा पाहावयास येत. पुढे २०२१ मध्ये प्रवेशासाठी पालकांकडून पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि वारे गुरुजी निलंबित झाले. आरोप चौकशीत सिद्ध झाले नाहीत. ते सेवेत परतले, खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या बंद पडण्याच्या बेतात असलेल्या शाळेवर रुजू झाले, आणि त्या शाळेने २०२५ मध्ये जगातील उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळविला.

या घटनेकडे कुणा एकाची बाजू घेऊन पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. सरकारी शाळेत पैसे घेतले जातात अशी तक्रार आली, तर तिची चौकशी करणे प्रशासनाचे कर्तव्यच आहे. त्याने कानाडोळा केला असता तर तोही दोष ठरला असता. पण गावाने आपखुशीने दिलेली लोकवर्गणी आणि प्रवेशाच्या दारात घेतलेली देणगी यांतील रेषा आपल्या नियमांत कोठेही नीट आखलेली नाही. शासन शाळेला पुरेसा पैसा देत नाही, उलट ‘लोकसहभाग’ वाढविण्याची परिपत्रके काढते. सहभाग वाढला की हिशेबाचा प्रश्न येतो, आणि हिशेबाचे काम शिकविण्यासाठी नेमलेल्या माणसाच्या गळ्यात पडते. वर्गणी किती आली, कोणाकडून आली, कशावर खर्चली, हे शाळा व्यवस्थापन समितीने दरमहा शाळेच्या भिंतीवर लिहिले आणि प्रवेशाचा क्रम चिठ्ठ्या टाकून सर्वांदेखत ठरविला, तर प्रामाणिक शिक्षकाला संशयापासून आणि गावाला अप्रामाणिक शिक्षकापासून एकाच वेळी संरक्षण मिळेल. युगांडाच्या अनुभवाचा जो भाग येथे उपयोगी पडेल तो हाच. तीन चतुर्थांश पालक असलेली ही समिती २००९ च्या कायद्यानेच दिली आहे. तिच्या सभा पुष्कळ ठिकाणी इतिवृत्ताच्या वहीतच भरतात, हे शिक्षकवाचकांना सांगावयास नको.

या समित्यांवर शासनाचा विश्वास किती, हे गणवेशाच्या प्रकरणात दिसले. गणवेशाची रक्कम समितीकडे जात असे. २०२४–२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी वरून करावयाचे ठरले. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक मुलांना गणवेश मिळाले नाहीत, मिळाले ते मापाचे निघाले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये तो अधिकार पुन्हा समित्यांकडे आला. गावातील शिंप्याकडून दोन-चार रुपये इकडेतिकडे होत असतीलही. पण मुलाची उंची त्याला ठाऊक असते.

आता पट मोजण्यासाठी शाईची गरज उरलेली नाही. मुलांच्या नोंदी आधार क्रमांकाशी जोडल्या गेल्या आहेत आणि ज्याचे आधार प्रमाणित झाले ते मूल संचमान्यतेला धरावे असे धोरण आले आहे. यामुळे एक मूल दोन शाळांत दाखविणे कठीण झाले, हे निःसंशय. परंतु दिवाळीच्या सुमारास दौंड तालुक्यातील साखर कारखान्यांच्या व गुऱ्हाळांच्या आसपास कोप्या उभ्या राहू लागतात. बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या मुलांची नावे गावाकडच्या शाळेच्या पटावर असतात, क्रमांक जुळलेला असतो, त्या नावावर तेथील शिक्षकाचे पद टिकलेले असते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमीपत्रक आहे, ते दाखविले की जवळच्या शाळेने मुलाला बसवून घ्यावयाचे असते. २०११ ची पटपडताळणी हंगामापूर्वी झाली, म्हणून ही मुले त्या वेळी बहुधा आपापल्या गावीच शाई लावून मोजली गेली असणार. ती खोटी मुले नव्हेत. त्यांच्या नावावर कोणी बनावट सही केलेली नाही. सकाळी आई-वडील कोयते घेऊन फडात गेले की त्यांतली थोरली मुले धाकट्यांना सांभाळीत कोपीच्या दारात बसतात. गावाकडे त्यांचे नाव पटावर असते, आणि चार फर्लांगांवरच्या शाळेत घंटा होते.